लोहाच्या गोळीचा तुलनात्मक तक्ता

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. दमयंतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

नांदेडच्या जिन्यांनी तुझ्या गुडघ्यांशी जमवून घेतलं असेल अशी आशा आहे. इंद्रजीतरावांना नमस्कार. मी ठीक आहे. (तुझी वहिनी गेल्यापासून या 'ठीक'ची उलटतपासणी कुणी करत नाही.)

पत्रास कारण माझा चेहरा. गेल्या महिन्यात सुयश कॅनडातून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, किती फिकट दिसताय, कातडी पार कोरडी पडलीय. आयर्नच्या गोळ्या सुरू करा." पोराला एवढ्या लांबून बापाची कातडी दिसली, याचंच मला इतकं बरं वाटलं की लगेच पिशवी घेऊन निघालो.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या मोईनभाईंनी काउंटरवर सात प्रकार मांडले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तुलनात्मक तक्त्याशिवाय काही मंजूर करत नाही, हे तू जाणतेसच. (वहिनीची साडीसुद्धा तीन नमुने पाहिल्याशिवाय घेतली नाही, आणि तिनं ते कधी माफ केलं नाही.) घरी येऊन रकाने आखले. एका गोळीनं पोट साफ होत नाही म्हणे. सिरपनं दात काळे पडतात, तिथं 'अर्जदारास कवळी आहे, हरकत नाही' असा शेरा मारला. चघळायच्या गोळ्यांच्या डबीवर 'तेजस्वी त्वचा' आणि एक पंचविशीतली मुलगी होती, ती वयोमर्यादेमुळं नामंजूर केली. चहाबरोबर गोळी अंगी लागत नाही असं कळलं, मग चहा नेमका किती वेळानं घ्यायचा ते विचारायला पुन्हा दुकानात. असा रोज एक मुद्दा काढून नऊ दिवस गेलो. खरं सांगायचं तर मुद्दे दुसऱ्याच दिवशी संपले होते. दिवसभरात तेवढंच कुणाशी बोलणं व्हायचं.

नवव्या दिवशी मोईनभाई म्हणाले, "काका, तक्ता राहू द्या. पैले खून तपासून घ्या ना. कमीच नसंल तर गोळी कायको खायची?"

तपासलं. हिमोग्लोबिन चौदा, लोहाचा साठाही भरपूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उगाच गोळ्या घेऊ नका, अंघोळीनंतर खोबरेल लावा. प्रकरण दप्तरी दाखल.

तुझा,
केशवदादा

ता.क. रिपोर्टचं सुयशला सांगू नकोस. एरवी पंधरा दिवसांनी येणारा त्याचा फोन आता "गोळी घेतली का?" म्हणून रोज येतो.

ता.क. २. काल मी "घेतली" म्हणालो. फोन ठेवायचं सोडून तो आज कुठली भाजी केली, ती कशी करपली, ते सांगत बसला. दिवाळीपर्यंत तरी मला आजारी राहू दे.