चौकातले वाफे आणि केकरेंची बदली

फॅक्टरी इस्टेट, जबलपूर
रविवार, १९ फेब्रुवारी १९६७

ती. श्यामदादांस,

रत्नाकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींना वेगळा नमस्कार आहे, तुमच्यातलाच अर्धा देऊन भागवू नये. कलकत्त्याची दमट हवा तुमच्या दम्याला सोसते का? मोठ्या ऑफिसात तुमची खुर्ची आता खिडकीपाशी आली असं नागपूरच्या पत्रातून कळलं. फार आनंद झाला (मत्सर मुळीच झाला नाही, घरच्या माणसाचा कोणी मत्सर करतं का?). आम्ही सगळे ठीक. लढाई संपून दीड वर्ष होत आलं, पण फॅक्टरीच्या भोंग्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. तो अजून दहा-दहा तास राबवून घेतो. प्रतिमाची पाठ दुखते, माझं डोकं दुखतं. डोक्याचं कारण लांबलचक आहे आणि त्याचं नाव मुरलीधर केकरे आहे.

आमच्या क्वार्टरांसमोरच्या चौकात साहेबाच्या जमान्यातले चार गोल फुलवाफे आहेत, तुम्ही आला होता तेव्हा पाहिले असतील. पासष्टच्या सप्टेंबरात त्यांतच खंदक खणले. शत्रूची विमानं काही आमच्यापर्यंत आली नाहीत, पण खंदक मात्र राहिले. त्यांत पाणी साचलं, पाण्यात म्हशी बसल्या, आणि म्हशी उठल्यावर लोकांनी राख, फुटक्या बरण्या आणि जुनी पायताणं टाकली. मी गप्प बसलो का? नाही. इस्टेट ऑफिसला मी एकामागून एक अकरा अर्ज केले. माझं अक्षर तुम्हांला ठाऊकच आहे. 'नगरीच्या भालप्रदेशावरील हा कलंक' असं एका अर्जात लिहिलं होतं, ते वाचून मोठ्या बाबूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अकरांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही, पण कॉलनीत 'फुलवाफ्यांचा माणूस' म्हणून माझंच नाव होतं. दादा, एवढंच काय ते माझ्यापाशी होतं.

आणि मागच्या भाद्रपदात एका रविवारी हा केकरे फावडं घेऊन तिथे उतरला. हा टूलरूममधला फिटर, आमच्या भिंतीला लागून त्याची भिंत. मूळचा सागरचा, अर्धं मराठी बोलतो, अर्धं हिंदी, आणि सही करताना जीभ बाहेर काढतो. मी गॅलरीतून विचारलं, "काहून हो केकरे, परवानगी घेतली का?" तर मान वर न करता म्हणतो, "कचरा टाकणाऱ्यानं घेतली होती काय, भैया?" झालं. तीन रविवारांत खंदक बुजले. चौथ्या रविवारी शेणखत आलं. मग झेंडू, शेवंती, कडेनं कर्दळ. ड्यूटी सुटली की हा सरळ वाफ्यात. दिवाळीत त्या चौकाकडे बघवेना, इतका तो उजळला. (म्हणजे मला बघवेना. बाकीचे तिथे मुद्दाम फिरायला येत. सिव्हिल लाइन्समधून टांग्यानं माणसं येऊ लागली.) मोठ्या साहेबांच्या मेमसाहेबांनी जीप थांबवून त्याला 'शाबास' म्हटलं. आणि माझी प्रतिमा, जिनं माझा एकही अर्ज शेवटपर्यंत ऐकला नाही, ती तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यात भरून 'केकरे भाऊजींच्या शेवंतीला' घालून येऊ लागली. मी म्हटलं, "आपल्या तुळशीनं काय घोडं मारलंय?" तर म्हणे, "तुळशीला तुम्ही अर्ज लिहा."

शेवटी चौथा वाफा रिकामा होता तो मी घेतला. केकरेला विचारायला गेलो नाही, तोच आपण होऊन आला आणि "थोडं खत देऊ काय?" म्हणाला. मी नाही म्हटलं. सदरच्या बाजारातून स्वतः डेलियाची रोपं आणली, विकणाऱ्यानं शपथेवर डेलियाचीच सांगितली होती. रोपं अशी तरारली की केकरेसुद्धा उभा राहून बघू लागला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं त्याला मी मत्सर समजलो आणि आठवडाभर मला सुखाची झोप लागली. पुढे जांभळी फुलं आली, लहानशी, खाली मान घातलेली. मी चारचौघांत सांगितलं, हा बंगलोरकडचा खास प्रकार आहे, लाजरा डेलिया. पंधरा दिवस लोकांनी ते मानलंही. मग एके सकाळी बरगीकडची भाजीवाली डोक्यावरची टोपली सांभाळत थांबली आणि भर चौकात ओरडली, "बाबूजी, जे तो भटा हैं!" भटे म्हणजे इकडे वांगी, दादा. मी वांगी लावली होती. चार दिवसांत ती टपोरी झाली, पाचव्या दिवशी कोणीतरी तोडून नेली, आणि त्यांचं भरीत फार चांगलं झालं होतं असं मला नंतर तीन वेगवेगळ्या घरांतून कळलं. केकरे मात्र हसला नाही. "मिट्टी अच्छी बनली भैया तुमची," एवढंच म्हणाला. हसला असता तर मी त्याला क्षमा केली असती.

असो. आता सगळं शांत होणार आहे. केकरेची बदली झाली आहे, दूर वर उत्तरेतल्या एका फॅक्टरीत. पंधरा मार्चला तिथे हजर व्हायचं आहे. सरकारी नोकरीत असं होतंच, त्याला कोण काय करणार. वाफे आता इस्टेट ऑफिस बघेल. वहिनींना सांगा, प्रतिमा त्यांच्या लोणच्याची आठवण काढते. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
रत्नाकर

ता. क. — वर 'कोण काय करणार' असं लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. जानेवारीत मी बारावा अर्ज लिहिला होता. तक्रार नव्हती हो, शपथ! स्तुतीच होती. 'अशा गुणी कारागिराची कला एका चौकात कोंडून ठेवणे अन्याय्य असून, उजाड पडलेल्या दूरच्या इस्टेटींना तिचा लाभ व्हावा', खाली 'एक पुष्पप्रेमी नागरिक'. थेट कलकत्त्याला, तुमच्याच मोठ्या ऑफिसात धाडला. अकरा अर्जांना कोणी विचारलं नाही आणि या एकावर तीन आठवड्यांत हुकूम निघाला! पहिले दोन दिवस मी खुशीत होतो, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी प्रतिमा त्यांच्याकडून रडत आली. केकरेची बायको मीरा ब्लॅकआउटमध्ये त्याच खंदकात पडली होती. मला वाटे पाय मुरगळला असेल. कंबर गेली आहे, दादा. दीड वर्ष ती पलंगावर आहे, आणि पलंग खिडकीशी आहे, आणि त्या खिडकीतून फक्त चौक दिसतो. भिंतीला भिंत लागून असून मला ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्याच खिडकीतून बघत होतो. तिला दोन दिवस रेल्वेतून नेणं डॉक्टर नको म्हणतात. तेव्हा तुमच्या खिडकीपाशी ज्या फायली येतात त्यांत ही बदली शोधा आणि कसंही करून रद्द करवा. पत्र याचसाठी लिहिलं.

ता. क. २ — काल केकरे स्वतः आला. म्हणे, "भैया, बदली रुकवायचा अर्ज लिहून द्या. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." हुकमासोबत ऑफिसातून मिळालेला एक कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला. माझाच बारावा अर्ज, माझ्याच अक्षरात. त्याच्यावर हात फिरवून म्हणाला, "किती सुंदर लिहिलंय हो कोणी तरी," आणि माझ्याकडे बघत राहिला. मी शाई आणायला आत गेलो आणि बराच वेळ शाई सापडेना. त्याला कळलं की नाही, देव जाणे. अर्ज मी लिहिला. सोबत जोडला आहे. आजवरचा सर्वांत साधा आहे, एकही अलंकार नाही.

ता. क. ३ — बदली रद्द झालीच तर हुकूम ऑफिसच्या वाटेनं जाईल तेव्हा जाईल, पण त्याच्या आधी मला एक तार करा. केकरेला करू नका. एवढी एक बातमी तरी या कॉलनीत माझ्या तोंडून फुटू द्या.