त्या शुक्रवारची परीक्षा

डुलूथ, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर

प्रिय डोन्या कूका,

तुमचे गुडघे आता कसे आहेत? तुमच्या नातीला, इत्सेलला, दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं. फार आनंद झाला. इथं सगळे बरे. बाबांनी होडी पाण्याबाहेर काढून झाकून ठेवली. आईनं तुमच्या पद्धतीचा मोलेचा रस्सा करून पाहिला आणि करपवला. माझं शेवटचं वर्ष चालू आहे.

जवळजवळ वर्षभर मी पत्र लिहिलं नाही. अभ्यासातून वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे.

झालं असं. सप्टेंबरात कॉलेजनं परदेशी शिकून आलेल्या आम्हा काहीजणांना नव्या मुलांपुढे बोलायला सांगितलं. परदेशी शिकण्याचे फायदे, प्रत्येकी पाच मिनिटं. माझ्याआधीचे भाषा, नोकरी, आत्मविश्वास असं सांगून गेले. मुलं फोनमध्ये डोकं खुपसून बसलेली. मी प्वेब्लातल्या तुमच्या घराबद्दल आणि तुमच्या यजमानांबद्दल, डॉन आबुंदियोंबद्दल, बोलू लागले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस रोज जेवणानंतर मला थांब्यांची नावं घोकायला लावायचा, माझा स्पॅनिश 'र' नीट येईपर्यंत पुढचा थांबा घ्यायचा नाही, हे सांगितलं. मुलं हसली, माना वर झाल्या. मग त्यांचं आजारपण सांगितलं. आणि मग म्हणाले, "शेवटच्या क्षणी त्यांचा हात माझ्या हातात होता."

पुढच्या रांगेतली एक मुलगी रडत होती.

डोन्या कूका, हात कुणाच्या हातात होता ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या शुक्रवारी दुपारी तुमचा फोन आला. "ये गं पोरी. ते तुझं नाव घेताहेत."

"आज परीक्षा आहे," मी म्हणाले.

"मग आधी ती दे. नीट लिही हं."

परीक्षा नव्हती. मी वर्गातल्या चौघांबरोबर बसस्टँडवर उभी होते. समुद्रावर जाणाऱ्या बसमध्ये आमच्या बॅगा चढल्या होत्या. मरणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं, भीती वाटली. पण हेही अर्धंच खरं. मला समुद्रावर जायचं होतं.

रविवारी परतले तेव्हा दफन उरकलं होतं. अंगणात शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, प्रार्थना चाललेली. तुम्ही उठून मला आत नेलंत, ताट वाढलंत आणि विचारलंत, "परीक्षा कशी गेली?"

"बरी गेली."

उन्हानं माझ्या नाकाची सालं निघत होती. तुम्ही कुंडीतली कोरफड चिरलीत, तिचा गर माझ्या नाकाला लावलात, मग दोन्ही खांद्यांना.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पुढे पाच आठवडे तुम्ही वाढत राहिलात आणि मी मान खाली घालून जेवत राहिले.

हे आत्ताच का लिहितेय? काहीतरी चांगलं कारण द्यावंसं वाटतं. खरं कारण भीती. ती रडणारी मुलगी, कोरिन, माझं भाषण ऐकूनच प्वेब्लाला येतेय. जानेवारीत, तुमच्याच घरी. गेल्या आठवड्यात मला गाठून म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी आजींना सांगणार, तू त्यांचा हात धरून बसलीस ते ऐकून मी आले." तुमच्या टेबलाशी बसून ती हे बोलणार होती.

भाषण कॉलेजच्या वेबसाइटवर होतं. ते काढा म्हणून विभागातल्या बाईंकडे गेले. "अगं, थोडं तिखटमीठ सगळेच लावतात," त्या म्हणाल्या. मी खुर्चीतून हलेना, तेव्हा काढलं.

काल कोरिनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुझ्या भरवशावर फॉर्म भरला." आणि थोड्या वेळानं, "मग आता तिथं जाऊन मी करू तरी काय?"

"आजींनी बोलावलं की जा," मी म्हणाले.

मुलगी चांगली आहे. लाजते, तिखट खात नाही. माझ्यामुळे तिला परकं करू नका.

क्षमा मागत नाही. तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, आणि मला ती सोसायची नाही.

तुमच्या घरी चार महिने जेवलेली,
अनिका