रूपसिंगबाबांना प्रेमाने बांधणे

२ फेब्रुवारी १९५९, घाटंजी
वृद्ध-सदनाचा मॅनेजर झाल्याला महिना झाला. चिंतामणीच्या कृपेने सर्व सुरळीत. फक्त रूपसिंगबाबा, वय ऐंशीच्या वर, दर बाजाराला पळतात. आज पुन्हा बैलबाजारात सापडले. गिऱ्हाइकांना बैलांचे दात दाखवत होते. म्हणाले, "बैल नाई दिसले का जीव घुसमटते."

३ फेब्रुवारी
संकल्प : बाजाराच्या दिवशी बाबांना खाटेला बांधणे. मऊ उपरण्याने, प्रेमाने. यशोदामाईनेही कृष्णाला उखळाला बांधलेच होते. स्वयंपाकीण सत्यभामाबाई म्हणाली, "अन् मग त्यानं झाडं पाडली, ते नाई वाचलं काय?" बाई फार बोलते.

९ फेब्रुवारी
बांधले. बाबांनी विचारले, "मले कायले बांधता? कोन्त्या कायद्यानं?" मी म्हटले, प्रेमाच्या. चहा पिऊन आलो तर उपरणे घडी घालून उशीवर. बाबा बाजारात.

१० फेब्रुवारी
किसनराव वकिलांना विचारले. म्हणाले, माणूस म्हातारा झाला म्हणून गाठोडे होत नाही. मर्जीविरुद्ध बांधणे गुन्हा आहे, तुरुंगात जाल. मर्जीविरुद्ध! म्हणजे मर्जीने चालेल. केवढा दिलासा!

११ फेब्रुवारी
सुंदर अक्षरात संमतिपत्र लिहिले. बाबा म्हणाले, "अंगठा देतो. पन आधी तुमी बांधून घ्या. दुखते का, मले पाहू द्या." रास्त मागणी. माणूस वळणावर येतो आहे.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८
आज प्रात्यक्षिक. मी खाटेवर, गाठ बाबा मारणार. तरुणपणी लदेणीच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या, बैलांवर त्यांनी मिठाच्या गोण्या बांधल्या आहेत. हात सराईत. चिंता नाही.

१६ फेब्रुवारी, सायंकाळी ६
गाठ कोणाकडूनच सुटली नाही. बाबा लगेच बाजारात. मी ओरडलो, हे बेकायदेशीर आहे! सत्यभामाबाई दारातून म्हणाली, "ओरडता काहून? प्रेमानंच बांधलं ना?" सगळे म्हातारे पाहायला आले. त्यांतल्या भुरीबाईने माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, डोक्यावरून हात फिरवला. दुपारनंतर लघवीला लागली. अथर्वशीर्ष एकवीस वेळा म्हटले. बाबा आले, एका बोटाने गाठ सोडली. विचारले, "दुखलं काय?" मी मोरीकडे धावलो.

१७ फेब्रुवारी
मनगटे ठणकतात. संमतिपत्राने सत्यभामाबाईने चूल पेटवली. नवा संकल्प : पुढच्या बाजाराला बाबांसोबत स्वतः जाणे, अर्थात देखरेखीसाठी. बाबांनी परवानगी दिली. अट एकच. "मारोतराव, माहा हात सोडायचा नाई. गर्दीत हरपून जासान."