पुरावा कमी पडला

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा दुखत असूनही तू कोर्टाचे जिने चढतेस, हे वाचून तुझी भावजय माझ्यावरच चिडली, जणू जिने मीच बांधलेत. छापखाना बरा चाललाय. नवं यंत्र कुरकुरतं, पण तेवढा तर मीही कुरकुरतो.

एक गोष्ट लिहावी की नको, या घोळात होतो. निवडणुकीत हरलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी इथल्या पुढाऱ्यांच्या विजयाविरुद्ध केलेला दावा तुझ्यासमोर आलाय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काल पुढाऱ्यांचा उजवा हात दुकानात आला. निवांत चहा प्यायला आणि तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. तुझा गुडघा याला कसा माहीत? मग वर्षभराचं पक्षाचं सगळं छपाईकाम त्याने माझ्या पदरात टाकलं आणि जाताना तुला नमस्कार सांगायला सांगितलं. मी ना हो म्हणालो, ना नाही. तो नमस्कार मी पोचवत नाहीये, नुसतं कळवतोय. काय करू, ते लवकर लिही.

भाऊजींना नमस्कार. मोठेपणीही धाकट्याला सांभाळतेस, तशीच सांभाळत राहा.

तुझा
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ते काम आजच्या आज परत कर, आणि लेखी कर.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी घडलेला प्रकार मी भर कोर्टात सांगितला आणि दोन्ही वकिलांना विचारलं, की हा दावा मी चालवण्याला कुणाची हरकत आहे का. बाईंच्या वकिलाने मागे वळून पाहिलं. बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि हरकत नाही म्हणाल्या. पुढाऱ्यांच्या वकिलाने बराच वेळ चष्मा पुसला आणि मग तोही नाही म्हणाला. तेव्हा दावा माझ्याकडेच राहिला.

याचा चटका तुला बसेल, हे मला कळत होतं. बोलताना तुझा चेहरा समोर आला, तरी बोलले. आता पत्रात दाव्याचं अवाक्षरही नको. भाचीच्या परीक्षेचं लिही, यंत्राचं लिही. आणि मागच्या दाराला कडी घालत जा.

ताईवर रुसू नकोस. काळजी आहेच, मायाही आहे.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बजावलं होतंस, पण राहवत नाही. नगरपालिकेने छापखान्याला सील ठोकलं. मागची शेड म्हणे रस्त्यावर आलीय. बाबांच्या वेळची शेड, परवानगी घेऊन बांधलेली. एवढी वर्षं ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. नाव ढब्बू असलं तरी एवढं मलाही कळतं. कामगार घरी बसलेत. मी रोज समोरच्या पायरीवर बसून आपल्याच बंद दाराकडे बघतो. पोरीला शाळेत एकटी पाठवत नाही.

जो भेटतो तो पाठ थोपटतो आणि म्हणतो, ताईंचा निकाल येऊ दे, मग बघ. मतपेट्यांची गाडी मतदानाच्या दिवशी पुढाऱ्यांच्या गोदामात शिरली होती, हे सगळं गाव सांगतं. मीही त्याच आशेवर दिवस ढकलतोय.

रागाने लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा
ढब्बू

२१ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

निकाल तुझ्या कानी आलाच असेल. बाईंचा दावा मी फेटाळला.

तुझं मागचं पत्रही मी दोन्ही वकिलांपुढे ठेवलं होतं. पुन्हा कुणी हरकत घेतली नाही. सगळं गाव सांगतं, असं तू लिहिलंस. गाडी आत जाताना कुणी पाहिली, हे मी प्रत्येक साक्षीदाराला विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरला बोलावलं, तर त्याला काही आठवेना. पेट्यांची सीलं जशीच्या तशी होती. मी बाईंना मुदत वाढवून दिली, तरी पुरावा कमी पडला.

मला खरी भीती माझीच वाटत होती. निकाल लिहिताना तुझं बंद दार डोळ्यांपुढून हलेना. त्या रागापोटी मी पुढाऱ्यांना पाडलं असतं, तर त्यांनी मला वेगळ्या वाटेने विकत घेतल्यासारखंच झालं असतं.

आता तुला लोकांचं ऐकावं लागेल. मला शिव्या दे, पण पत्र पाठव.

तुझी
ताई

१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिडलो होतो, म्हणून लिहिलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आपणहून आली आणि सील काढून गेली. त्यांच्या मागोमाग तो उजवा हात, हार आणि फोटोवाला. मी म्हणालो, सील का लावलं आणि का काढलं, ते लेखी द्या. तो हसला, हार शटरच्या कडीला अडकवून निघून गेला. हार अडकवतानाचा फोटो पेपरात आला. तेव्हापासून दुकानात कुणी पाऊल टाकत नाही. न्हावी मुकाट्याने दाढी करतो. बाजारात तुझ्या भावजयीला ऐकू जाईल असं कुणी म्हणालं, की निकालसुद्धा यांच्याच छापखान्यात छापलाय. ती पिशवी रिकामीच घेऊन घरी आली.

काल मुख्याध्यापिकाबाई आल्या. भर दुपारी, सगळा बाजार ओलांडून, सर्वांच्या देखत. मला मान वर करवेना. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी मला हरवलं. पण कुठे हरले, ते पानोपानी लिहून दिलंय. आता तेवढंच शोधायचं."

त्या वरच्या कोर्टात जाणार आहेत. आपल्या सभेची पत्रकं त्यांनी मला छापायला दिली. त्या गेल्यावर मी आत जाऊन तोंड धुतलं आणि यंत्र सुरू केलं. सीलाबद्दल नगरपालिकेवर मीही दावा लावलाय. दारात आपणहून आलेली मेहेरबानी मला नको.

आता तुझ्या हातात काही उरलं नाही, म्हणून विचारतो. मनातून तुला काय वाटतं? पेट्या बदलल्या होत्या ना?

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू

२३ मे

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सरकारने मला एका आयोगाचं अध्यक्षपद देऊ केलं होतं. मी नाही म्हणून कळवलं, आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम आला. जागा लांबची आहे, नकाशात शोधताना तुझ्या भाऊजींनी दोनदा चष्मा बदलला. घरभर खोकी पडली आहेत. सामान बांधायला ये. भावजयीलाही आण, तिच्या हाताला शिस्त आहे, तुझ्या नाही.

तू विचारलंस त्याबद्दल. बाई वरच्या कोर्टात चालल्या आहेत, तेव्हा मला बोलायचा अधिकार नाही, आणि मी बोलणार नाही. आमचा कारकून मात्र म्हणतो, की निकाल वाचून दाखवताना ड्रायव्हरच्या साक्षीपाशी माझा आवाज अडखळला आणि मी पाणी मागवलं. मला ते आठवत नाही. याहून जास्त उत्तर तुला माझ्याकडून मिळणार नाही.

या रविवारपर्यंत पोच. वाट बघते आहे.

तुझी
ताई