माझ्याच गाठीचा काप

बाई, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला पहिल्यांदाच वाटतंय. मी अजून त्याच कामात आहे. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवायचे, मशीनवर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर डॉक्टरांकडे पाठवायचे. लॅब आता येरवड्यात आहे, एवढाच फरक. शिकाऊ असताना सगळं दुपारच्या आत उरकायच्या नादात माझ्याकडून एक काप फाटला आणि दुसरा काढायचा मी कंटाळा केला. ती काच माझ्यापुढे ठेवून तुम्ही म्हणालात, "घाई असेल तर रिक्षा चालवा. हा माणूस बाहेर बाकावर बसलाय." दुसऱ्या दिवशी पाण्यावरून काप उचलायचा तुमचा स्वतःचा बारीक कुंचला माझ्या हातात दिलात.

गेल्या वर्षी मला लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून दोन महिने कोणाला बोललो नाही. या कामातल्या माणसाने तरी असं करू नये. बायकोला बाथरूममध्ये दिसलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, हे कधीपासून?" जंतुसंसर्गाच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, मूत्राशयात गाठ निघाली. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती खरवडून काढली. तुकडे आमच्याच लॅबमध्ये आले. बरोबरची मुलगी म्हणाली, मी करते, तुम्ही घरी जा. मी गेलो नाही.

मशीनचं चाक फिरवतोय, मेणाची फीत सरकत येतेय, आणि तिच्यात मी आहे. रंग चढल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निदान करणं आपलं काम नव्हे, पण तीस वर्षं बघून डोळ्याला कळतं. मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखं ते दिसत नव्हतं. गोल, गडद, एकमेकींना न चिकटलेल्या पेशी, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. काच लॅबच्या डॉक्टर मॅडमकडे नेली; त्या बराच वेळ मान वर करेनात. मग त्यांनी आणखी खास तपासण्या करायला सांगितल्या. त्या आल्यावर म्हणाल्या, "लिम्फोमा आहे. लिम्फ ग्रंथींमधल्या पेशींचा कॅन्सर. मूत्राशयात सुरू झालेला मी आजवर एकच पाहिलाय." त्या एकाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

मूत्राशय काढावं लागलं नाही. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषधं, अशी सहा वेळा. त्यातलं एक औषध सरबतासारखं लाल. नर्सने बजावलं होतं, एक-दोन दिवस लघवी लाल होईल, घाबरू नका. तरी प्रत्येक वेळी मी त्या रंगाकडे बघत उभा राहायचो. औषध कुठलं आणि रक्त कुठलं, ते काही ओळखता यायचं नाही. केस गेले, तोंडाची चव गेली. शेवटच्या स्कॅनमध्ये काही उरलेलं दिसलं नाही. बायकोने सोसायटीत पेढे वाटले. डॉक्टर मात्र म्हणाले, दर तीन महिन्यांनी येत राहा, आणि पुढची तारीख लिहून दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. माझ्या गाठीचे काप काढले त्या दिवशी मी एक जास्तीचा काढला. ती काच घरी कपाटात, हातरुमालात गुंडाळून ठेवलीय. नियमात बसत नाही ते. अंगातून गेलं म्हणतात. काचेवर ते जसंच्या तसं आहे. बायको घरात नसली की मी कपाट उघडतो आणि काच जागेवर आहे ना, ते पाहतो.