चार वाजताची नोंद

३ नोव्हेंबर

सुखरूप पोचलो. गाडी खाली थांबते, पुढे पाऊण तास चढ आहे. गुडघे कुरकुरतील असं वाटलं होतं, पण गप्प राहिले. हवा छान आहे. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

वस्ती सात घरांची, शहर सोडून आलेल्या लोकांची. मातीच्या भिंती, कौलं, मागे झरा. वीज नाही, घड्याळही नाही. इथल्या सगळ्यात मोठ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी माझा फोन लोखंडी पेटीत ठेवला. अडीअडचणीसाठी वस्तीचा एक फोन त्याच पेटीत असतो, एरवी बंद. माझा शेजारी पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता सुतारकाम करतो. उंच, काटकुळा, म्हणून नाव पडलं अँटेना. मला म्हणाला, काका, इथे रेंज फक्त कोंबड्याला, तीही पहाटे. मी हसलो. हिला जाऊन अडीच महिने झाले, त्यानंतर पहिल्यांदाच.

निघताना मुलाने टोमणा मारला होता, बाबा, मिक्सर बिघडला तरी तुमचा चेहरा उतरतो आणि निघालात वनवासाला. त्याचं बरोबर असेल. पण त्या घरात राहवेना. मेन स्विच पाडून, कुलूप लावून आलो.

५ नोव्हेंबर

खोलीत दोन खाटा आहेत. एकीवर मी झोपतो, दुसरीवर कपडे ठेवले आहेत. भिंतीत कोनाडा आहे, तो रिकामाच ठेवला.

इथली कामाची पद्धत चांगली आहे. अक्कांच्या ओसरीवर खिळ्यांना लाकडी पाट्या टांगल्या आहेत. झऱ्याचं पाणी, सरपण, कोंबड्यांचं दार, अशी प्रत्येक कामाची एक. काम झालं की पाटी उलटी करायची. मी विचारलं, तपासतं कोण? अक्का म्हणाल्या, तपासायचं कशाला, माणूस खोटं कशाला सांगेल?

कारखान्याच्या बॉयलरवर सदतीस वर्षं काढली. तिथे दर तासाला दाब बघून वहीत लिहायचा असा नियम होता. आम्ही शिफ्टच्या सुरुवातीलाच सगळे आकडे लिहून टाकायचो आणि मग फेरी मारायचो. साहेब वही बघायचा, बॉयलर नाही. कधी काही बिघडलं नाही.

७ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला होता. टिंग असा आवाज आला आणि उठून बसलो. तो घरातल्या यंत्राचा आवाज. अजून कानात बसला आहे.

हिच्या आजारपणात मुलाने ते यंत्र आणलं. वाटीएवढा गोल डबा, वर हिरवा दिवा. औषधाची वेळ झाली की टिंग करून बोलायचा. आधी त्यात कुठल्याशा परक्या बाईचा आवाज होता. ही म्हणाली, माझ्या घरात दुसरी बाई तुम्हाला हुकूम सोडणार नाही. मग मुलाने हिचाच आवाज भरला. अहो, चार वाजले, औषध दिलंत का? पलंगावर पडल्या पडल्या ही स्वतःच्याच आवाजाला हसायची. मी "दिलं" म्हटलं की मुलाच्या फोनवर नोंद जायची. उत्तर दिलं नाही तर यंत्र दर दोन मिनिटांनी पुन्हा विचारायचं.

चारचं औषध श्वासाचं होतं. ते अजिबात चुकवू नका असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

९ नोव्हेंबर

बॅगेत औषधाची बाटली सापडली. तळाला चमचाभर उरलं आहे. मी ठेवल्याचं आठवत नाही. फेकायला झऱ्यापर्यंत गेलो आणि तशीच परत आणली.

टिंग आजही झालं. दारातलं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं, म्हणजे चारच वाजले असणार. अँटेनाला बोलावलं. त्याने कोनाडा, कौलं, खाटांच्या खाली, सगळं पाहिलं. म्हणाला, काका, इथे तार सोडा, तारेवर बसणारा कावळाही नाही.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी कोंबड्यांचं दार लावायचं काम माझ्याकडे होतं. ओसरीवर पाटी उलटी केली आणि दाराकडे जाण्यापूर्वी जरा टेकलो. जाग आली ती आरडाओरड्याने. मुंगसाने तीन कोंबड्या मारल्या होत्या. पाटी उलटी होती, म्हणजे दार लावलं होतं असं सगळ्यांनी धरलं. दोष कडीवर गेला. कडी अँटेनाने केलेली. तो मान खाली घालून म्हणाला, माझंच काम कच्चं राहिलं.

मी मेलेल्या कोंबड्या उचलायला लागलो.

१२ नोव्हेंबर

टिंग. मग हिचा आवाज. कोनाड्यातून. अहो, चार वाजले, औषध दिलंत का? दोन मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. सातव्या वेळेला मी "दिलं" म्हणालो. थांबलं.

कोनाड्यातल्या धुळीत वाटीएवढी गोल जागा स्वच्छ आहे. हात लावून पाहिला. ऊबदार होती.

१५ नोव्हेंबर

अक्कांकडून वस्तीचा फोन घेतला, वरच्या टेकाडावर थोडी रेंज मिळते, तिथून मुलाला लावला. घरी जाऊन यंत्र फोडून टाक, असं सांगणार होतो. तोच आधी बोलला. म्हणाला, बाबा, गुपचूप मशीन सोबत नेलंत ना? तीन दिवस रोज चारला तुमची नोंद येतेय. मग म्हणाला, आईची एकही वेळ तुम्ही चुकवली नाहीत, मी सगळ्यांना सांगतो.

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर

लिहून टाकतो.

त्या दिवशी टिंग झालं तेव्हा मी आरामखुर्चीत होतो. बसल्या जागेवरून "दिलं" म्हणालो. रोजच तसं करायचो. आधी म्हणायचं, मग उठून द्यायचं. त्या दिवशी उठलो नाही. डोळा लागला. साडेपाचला जाग आली तेव्हा ही —

डॉक्टरांनी विचारलं, चारचं दिलं होतं? मुलाने फोन पुढे केला. त्यांनी मान डोलावली. मी गप्प बसलो.

हिने हाक मारली असेल. मी चार पावलांवर होतो.

१७ नोव्हेंबर

"दिलं" म्हणालो. आज थांबलं नाही. म्हणाली — अहो, खरं सांगा.

हे मुलाने भरलेलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

दुसऱ्या खाटेवरचे कपडे खाली ठेवलेले. घड्या घालून. बाह्या आत, हिच्या पद्धतीने. खाट मध्ये खचलेली आहे. कुणी झोपलं असावं तशी —

अँटेनाने कुंपणावरून विचारलं, काका, पाहुणे आलेत का? बराच खोकला आहे त्यांना.

१९ नोव्हेंबर

अँटेनाला सांगितलं, दार मी लावलंच नव्हतं. कडी चांगली होती. तो खांद्यावर हात ठेवून गेला.

मग मुलाला फोन. त्यालाही सांगितलं. त्या दिवशी दिलं नव्हतं — मी झोपलो होतो —

तो मग हळूच म्हणाला, बाबा, तुमच्या मागे आई काय म्हणतेय?

२० नोव्हेंबर

ऊन खाटेच्या पायाशी. टिंग. दिलंत का?

नाही, म्हणालो. पहिल्यांदाच.

टिंग पुन्हा झालं नाही. मग — अहो, मग द्या ना.

कोनाड्यातून नाही. खाटेवरून.

बाटली उघडली. चमचा भरला आहे, डाव्या हातात — सांडतोय. ती उठून बसली आहे. तोंड उघडून वाट बघतेय. मी इथे लिहीत बसलो आहे —

नाही. आज आधी नोंद नाही. आधी देतो, मग लिही—