फुंकर मारून घेतलेलं कापड

शहादा, सोमवार संध्याकाळ

मयूरच्या सुटाचं कापड आज घेतलं. नवरदेवाचा सूट मुलीकडून असतो, म्हणून अप्पा दुकानात निघाले होते. नवरीने सोबत जायची पद्धत नाही, तरी मी गेले. बरं झालं गेले! अप्पांनी जाड, चमकणारं कापड जवळजवळ पसंतच केलं होतं. भर वैशाखात, म्हसावदला, दुपारच्या लग्नात? घोड्यावरच शिजला असता बिचारा.

मी पातळ लोकरीचं काढायला लावलं.

"उन्हाळामा लोकर?" अप्पा इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळं दुकान बघायला लागलं. "लोके म्हनतीन, पोर येडी शे."

मी म्हटलं, अप्पा, तोंडाशी धरा आणि फुंकर मारा. चमकणाऱ्यातून वारा जातच नाही. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवते, एवढं कळतं मला. अप्पांनी मारली, सगळ्यांसमोर गाल फुगवून. लोकरीतून ती पलीकडे माझ्या तळहाताला लागली.

जिंकले, असं म्हणते तोवर अप्पा दुकानदाराला सांगताहेत, "मन्हाकरता बी याच ताकामाईन काप."

नवरदेव आणि सासरा एकाच ताग्यातल्या कापडात! बँडवाल्यांसारखे दिसतील. नको म्हणू का? कशी म्हणू?

आता लिहितेय तर बाहेर ओट्यावर अप्पा शेजारच्या काकांच्या तोंडाशी कापड धरून बसलेत.

"मार फुंकर. उन्हाळामा लोकरच लागस. मन्ही पोर सांगस."

दिसू देत बँडवाल्यांसारखे.